उतरणीवरील वस्तूची चतुःसीमा

पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक ग्रंथांतून एक चित्र पिढ्यानपिढ्या जसेच्या तसे चालत आलेले आहे: एक तिरपी रेषा, तिच्या पायथ्याशी कोन दाखवणारी लहानशी कमान, आणि त्या रेषेवर निमूटपणे बसलेला एक चौकोनी ठोकळा. चित्र इतके साधे की माध्यमिक शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येकाने ते एकदा तरी वहीत उतरवलेले असते. आणि तरीही, त्या ठोकळ्यावर नेमकी कोणकोणती बले कार्य करीत आहेत एवढाच प्रश्न विचारला असता, ज्यांनी पुढे विज्ञानाची पदवी घेतली, अभियांत्रिकीच्या परीक्षा उत्तीर्ण केल्या, अशा मंडळींचीही उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत, असा माझा तीसएक वर्षांच्या अध्यापनातला अनुभव आहे. गणित सोडवण्यात ही मंडळी कच्ची असतात असे मुळीच नाही. सूत्र त्यांना मुखोद्गत असते, त्यात आकडे घालून उत्तर काढण्यात त्यांचा हातखंडा असतो, आणि पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तराशी ते तंतोतंत जुळतेही. परंतु उत्तर जुळणे आणि परिस्थिती उमगणे यांत जे अंतर आहे ते या एका चित्राइतके स्पष्टपणे मला दुसरीकडे कोठे दिसलेले नाही. म्हणूनच केवळ या एका चित्राभोवती एक सबंध पुस्तक रचण्याचे धाडस मी केले आहे, आणि ते का केले याचा खुलासा वाचकांपुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते.

एके वर्षी वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असताना एका हुशार मुलाची आकृती माझ्यापुढे आली. उतरणीवरून घसरत असलेल्या ठोकळ्याच्या मध्यबिंदूतून त्याने सहा बाण काढले होते. पहिला सरळ खाली, त्यावर ‘वजन’. दुसरा उताराच्या अंगाने खाली, त्यावर ‘उताराचे बल’. तिसरा फळीच्या पृष्ठाला लंब आणि फळीत घुसणारा, त्यावर ‘दाब’. चौथा त्याच्या नेमका उलट, ‘प्रतिक्रिया’. पाचवा उतारावरून वर, ‘घर्षण’. आणि सहावा, फिकट पेन्सिलीने काढून अर्धवट खोडलेला, पुन्हा उताराच्या अंगाने खाली, ‘गतीचे बल’. रेषा पट्टीने आखलेल्या, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे. खालचे गणित बरोबर होते, उत्तरही बरोबर होते, आणि नियमाप्रमाणे मी त्याला पूर्ण गुण दिले. त्या रात्री मात्र ती आकृती डोळ्यांपुढून हलेना. सहांपैकी तीन बाण खरे होते आणि तीन निराधार. त्या तीन निराधार बाणांवर पूर्ण गुणांचा शिक्का मारून मी त्यांना कायमचा परवाना देऊन बसलो होतो. अर्धवट खोडलेल्या सहाव्या बाणाने तर मला अधिकच अस्वस्थ केले, कारण तो ठेवावा की पुसावा हे ठरवायला त्या मुलापाशी कोणतीच कसोटी नव्हती, आणि ती कसोटी त्याला देणे हे माझे काम होते.

ती कसोटी मला गवसली ती व्याकरणाच्या तासाला. मराठीचे शिक्षक दीर्घ रजेवर गेल्यामुळे काही महिने तो विषय माझ्याकडे आला होता, आणि वाक्यातील कर्ता ओळखण्यासाठी क्रियापदाला ‘कोण?’ आणि कर्म ओळखण्यासाठी ‘कोणाला?’ असा प्रश्न विचारावा ही जुनी रीत मी मुलांना सांगत होतो. पुढचाच तास पदार्थविज्ञानाचा होता, फळ्यावर तोच ठोकळा होता, आणि खडू हातात घेता घेता माझ्या ध्यानात आले की बल हे मुळात सकर्मक क्रियापद आहे: ते कोणीतरी कोणावर तरी लावलेले असते, आणि ज्या बलाचा कर्ता सांगता येत नाही ते बल वाक्याच्या बाहेर राहिले पाहिजे. ‘पृथ्वी ठोकळ्याला ओढते’ हे वाक्य पुरे आहे. ‘फळी ठोकळ्याला रेटते’ हेही पुरे आहे. ‘ठोकळा खाली खेचला जातो’ या वाक्यात मात्र कर्ता पडद्याआड गेलेला आहे, आणि तो शोधून बाहेर आणला की कळते की हे पृथ्वीचेच वाक्य दुसऱ्या वेषात आलेले आहे. ‘उताराचे बल’ या शब्दांना कोण असा प्रश्न विचारा. ‘उतार’ असे उत्तर येईल. पण उतार म्हणजे फळीचे कललेपण, तो एक कोन आहे, आणि कोनाला हात नसतात. फळी रेटू शकते, दोर ओढू शकतो, पृथ्वी खेचू शकते. कोन यांपैकी काहीही करू शकत नाही. ‘गतीचे बल’ याचीही हीच गत आहे. हाताने धक्का देऊन ठोकळा उतरणीवर वर सरकवला आणि हात काढून घेतला, की त्या क्षणापासून हाताचे वाक्य संपले. ठोकळा पुढे काही अंतर वर जातच राहतो तो त्याला अगोदर मिळालेल्या वेगामुळे, आणि वेग ही ठोकळ्याची अवस्था आहे, त्याच्यावर कोणी लावलेले बल नव्हे. धक्क्याचे बल वस्तूच्या अंगात साठून राहते अशी समजूत मध्ययुगातील मोठमोठ्या पंडितांचीही होती, तेव्हा चौदा वर्षांच्या मुलाने तो बाण काढला यात त्याला दोष देण्याजोगे काही नाही.

कर्ता हवा हे एकदा मान्य झाले की पुढचा प्रश्न येतो तो संभाव्य कर्त्यांची यादी कोठून मिळवायची हा, आणि येथे मी आपल्या महसुली दफ्तरातील एका शब्दाचा आधार घेतो. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. वस्तूच्याही चतुःसीमा अशाच लिहाव्यात. प्रथम तिची हद्द निश्चित करावी, म्हणजे आपण विचार करीत आहोत तो पदार्थ कोठे संपतो आणि बाहेरचे जग कोठे सुरू होते हे पेन्सिलीने एक बंद रेषा ओढून ठरवावे. मग त्या रेषेवरून बोट फिरवीत एक पुरी प्रदक्षिणा करावी, आणि जेथे जेथे दुसरा कोणी पदार्थ हद्दीला भिडलेला असेल तेथे थांबून त्याची नोंद करावी. फळीवरच्या ठोकळ्याच्या प्रदक्षिणेत खाली फळी भेटते, बाकी सर्व बाजूंनी हवा. दोर बांधला असेल तर दोर भेटतो, कोणी हात लावला असेल तर हात. हवेचा परिणाम क्षुल्लक म्हणून सोडला तर फळी हा एकच शेजारी उरतो. न भिडता अंमल गाजवणारी सत्ता या प्रकरणात एकच आहे, ती पृथ्वी. तिचे नाव प्रदक्षिणेपूर्वीच लिहून ठेवावे. पृथ्वी आणि फळी असे दोनच कर्ते. त्यांपैकी फळी दोन प्रकारांनी वागते, पृष्ठाला लंब रेटते आणि पृष्ठालगत धरून ठेवते, म्हणून तिच्या नावावर दोन बाण पडतात. एकूण तीन. या हिशेबात चौथ्या बाणाला जागा नाही, आणि चौथा काढायचा असेल तर त्याच्या कर्त्याला हद्दीवर हजर करावे लागेल.

त्या मुलाच्या ‘दाब’ या तिसऱ्या बाणाचाही निकाल येथेच लागतो. ठोकळा फळीला दाबतो हे खरे आहे. पण त्या वाक्यात फळी हे कर्म आहे, म्हणून तो बाण फळीच्या आकृतीत काढायचा. ठोकळ्याच्या आकृतीत ज्या वाक्यांचे कर्म ठोकळा आहे तेवढीच वाक्ये यावीत. हा नियम न पाळल्यामुळे आणखी एक दृढमूल भ्रम निर्माण झाला आहे. फळी जे लंब दिशेने रेटते, ज्याला आपली पाठ्यपुस्तके अभिलंब बल म्हणतात, ते वजनाची प्रतिक्रिया असते असे अनेक पुस्तकांतून सूचित होते आणि कित्येकांच्या मनात ते पक्के बसलेले असते. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील तिसरा नियम मराठीत सांगायचा तर कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करावी एवढेच तो सांगतो. ‘पृथ्वी ठोकळ्याला ओढते’ याची प्रतिक्रिया ‘ठोकळा पृथ्वीला ओढतो’. ‘फळी ठोकळ्याला रेटते’ याची प्रतिक्रिया ‘ठोकळा फळीला रेटतो’. क्रियापद बदलायचे नाही, तिसरा कोणी आत आणायचा नाही. ओढण्याची प्रतिक्रिया रेटणे कशी होईल, आणि पृथ्वीच्या वाक्याची उलट बाजू फळीच्या तोंडी कशी येईल? सपाट मेजावर वजन आणि अभिलंब बल यांची किंमत योगायोगाने सारखी येते म्हणून हा भ्रम लपून राहतो. फळी कलती केली की तो उघडा पडतो, कारण वजन तेवढेच राहते आणि अभिलंब बल कमी होत जाते. उतरणीचे चित्र शिकवण्यास इतके मोलाचे आहे ते याच कारणाने: सपाटीवर ज्या दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींच्या सावलीत उभ्या असतात त्यांना ते फोडून वेगळे दाखवते.

वजनाच्या घटकांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण दुसऱ्या बाणाचे, म्हणजे त्या ‘उताराच्या बला’चे, मूळ तेथे आहे. दहा किलोग्रॅम वस्तुमानाचा ठोकळा घेतला तर त्याचे वजन ९८ न्यूटन. फळी ३० अंशांनी कललेली असेल तर हे वजन दोन दिशांत विभागून पाहता येते: फळीच्या अंगाने खाली ४९ न्यूटन, फळीला लंब दिशेने सुमारे ८५ न्यूटन. पहिला भाग कोनाच्या ‘ज्ये’ने मिळतो, दुसरा ‘कोज्ये’ने. (आर्यभटाने कोष्टकबद्ध केलेली ही ‘ज्या’ अथवा ‘जीवा’ अरबी लिपीत ‘जिब’ म्हणून गेली, तेथे तिचे वाचन ‘जैब’ असे झाले, त्या शब्दाचा अर्थ वस्त्राची घडी असा घेऊन लॅटिनमध्ये ‘सायनस’ असे भाषांतर झाले, आणि तोच ‘साइन’ होऊन इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे परत आला, धनुष्याच्या दोरीने केलेला हा प्रवास ठाऊक असावा म्हणून मी पुढील प्रकरणांत तिचे जुने नावच कायम ठेवले आहे.) आता ४९ आणि ८५ हे दोन आकडे म्हणजे ९८ न्यूटनचीच मोड आहे. शंभराची नोट मोडून सुटे पैसे घेतले आणि खतावणीत नोटही जमा धरली व सुटे पैसेही जमा धरले, तर त्या हिशेबनिसाला आपण काय म्हणू? आकृतीत वजनाचा बाण ठेवून शिवाय त्याचे घटक नव्या बलांच्या थाटात काढणे हाच प्रकार आहे. माझी विनंती अशी की बले ओळखताना घटकांचे नावही काढू नये. आधी कर्ते हजर करावेत, बाण काढावेत, आणि मगच गणिताच्या सोयीसाठी तुटक रेषांनी मोड करावी.

घर्षणाची गोष्ट या सर्वांहून रंजक आहे, आणि तिला पुस्तकाचा जवळजवळ अर्धा भाग दिला आहे. बहुतेक विद्यार्थी घर्षणाला एक ठरावीक किंमत असलेले आणि नेहमी उतारावरून वर रोखलेले बल समजतात. प्रत्यक्षात स्थिर वस्तूवरचे घर्षण हे गरज पाहून वागणारे बल आहे: जेवढे लागेल तेवढे, ज्या दिशेला लागेल त्या दिशेला, आणि एका कमाल मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा अभिलंब बलाच्या प्रमाणात असते आणि टेकलेल्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, ही गोष्ट फ्रान्समधील कूलोंने ज्या निबंधात पद्धतशीरपणे मांडली त्याला १७८१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले होते. आपल्या ठोकळ्याचा आणि फळीचा घर्षणांक ०.६ आहे असे धरू. म्हणजे ८५ च्या सहा दशांश, सुमारे ५१ न्यूटन ही मर्यादा झाली. ठोकळा नुसता ठेवला असता पृथ्वी त्याला उताराच्या अंगाने ४९ न्यूटनने खाली नेऊ पाहते, म्हणून घर्षण ४९ न्यूटन, वरच्या दिशेने, ५१ नव्हे. आता ठोकळ्याला दोर बांधून फळीला समांतर, वरच्या बाजूला ४९ न्यूटनने ओढा: घर्षण शून्य होते. ओढ ६० न्यूटनपर्यंत वाढवा: ठोकळा अजूनही हललेला नाही, पण घर्षण आता ११ न्यूटन आहे, आणि ते खाली रोखलेले आहे. तोच ठोकळा, तीच फळी, ठोकळा तसूभरही सरकलेला नाही, आणि एवढ्यात घर्षणाने किंमतही बदलली आणि तोंडही फिरवले. ज्याला हे एकदा डोळ्यांपुढे दिसले त्याच्या हातून घर्षणाचा बाण पुन्हा डोळे झाकून काढला जाणार नाही.

याच आकड्यांतून एक असे फलित निघते की ते प्रथम माझ्याही पचनी पडले नव्हते. हा ठोकळा फळीवरून वर ओढून न्यायचा तर ४९ आणि ५१ मिळून १०० न्यूटन लावावे लागतील; आणि सरळ उचलायचा तर ९८. म्हणजे कष्ट वाचावेत म्हणून लावलेल्या फळीवर ओढण्याचे बल सरळ उचलण्याच्या बलापेक्षा किंचित जास्तच भरते. मार्केट यार्डात मालमोटारीवर तेलाचे पिंप चढवणाऱ्या हमालाला हे कोणी सूत्रात सांगितलेले नसते, पण तो पिंप फळीवरून कधी फरफटवत नेत नाही. आडवे करून लोळवत नेतो, किंवा पेटी असेल तर तिच्याखाली गोल दांडके सारतो. घर्षणाला अशी बगल देता आली तरच उतरण हे यंत्र होते.

उतरणीचा खरा हिशेब लावायला मनुष्यजातीला फार काळ लागला. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपसने तो करून पाहिला, पण सपाट जमिनीवर वस्तू ढकलायला जे बल लागते तेथून त्याने सुरुवात केली, म्हणजे घर्षण आणि वजन यांची आरंभीच गल्लत केली, आणि परिणामी उभ्या भिंतीपर्यंत येता येता त्याचे उत्तर अनंतावर गेले. १५८६ साली सायमन स्टेव्हिन या ब्रुग्स येथे जन्मलेल्या अभियंत्याने प्रसिद्ध केलेली युक्ती मात्र इतकी देखणी आहे की ती मी मुलांना दरवर्षी मण्यांची माळ घेऊन दाखवीत असे. एक त्रिकोणी पाचर घ्यावी, जिची एक तिरपी बाजू दुसरीच्या दुप्पट लांब आहे. तिच्यावरून चौदा सारख्या गोळ्यांची एक बंद माळ अशी सोडावी की लांब बाजूवर चार गोळे, आखूड बाजूवर दोन, आणि उरलेले आठ खाली झोळीसारखे लोंबत राहतील. घर्षण नाही असे समजा. चार गोळ्यांची बाजू जड म्हणून माळ सरकू लागेल काय? सरकली तर एका गोळ्याच्या जागी दुसरा येईल आणि मांडणी होती तशीच राहील. म्हणजे ती सरकतच राहील, अहोरात्र, कोणी न ओढता. हे घडत नाही, म्हणून माळ स्थिर आहे. खालची झोळी दोन्ही बाजूंना सारखीच ओढते, तेव्हा ती कापून टाकली तरी फरक पडणार नाही. तर मग लांब उतारावरचे चार गोळे आखूड उतारावरच्या दोघांना तोलून धरतात: उतार दुप्पट लांब, तर त्याच्या अंगाने लागणारी ओढ निम्मी. एकही आकडा न मोजता, केवळ एका असंभवाला नकार देऊन काढलेला हा निष्कर्ष आहे, आणि ‘ज्ये’चा नियम तो हाच.

गॅलिलिओने उतरणीचा उपयोग निराळ्या हेतूने केला. सरळ पडणारी वस्तू त्या काळच्या घड्याळांना सापडत नव्हती. लाकडी तुळईत गुळगुळीत पन्हळ कोरून तीतून कांस्याचा गोळा सोडला की तेच पतन संथ होऊन मोजमापाच्या टप्प्यात येई, आणि पात्रातून गळलेल्या पाण्याच्या वजनावरून वेळ काढता येई. अंतरे वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात हा निष्कर्ष १६३८ साली लायडनमध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात आहे. त्याचा गोळा घसरत नव्हता, गडगडत होता, आणि गडगडणाऱ्या भरीव गोळ्याचे त्वरण घर्षणरहित घसरणाऱ्या ठोकळ्याच्या पाच सप्तमांशच असते, कारण पृष्ठाचे घर्षण त्याला फिरवण्यात गुंतलेले असते. हा तपशील त्याच्या काळी कोणालाच ठाऊक नव्हता, आणि वर्गाच्या नियमाला त्याने बाधही येत नाही.

आपल्या खळ्यावर हीच विद्या दरवर्षी रास होऊन उभी राहते. मळणी झाल्यावर ज्वारी एका जागी ओतत गेले की ढीग उंचावतो, रुंदावतो, पण त्याच्या कडेचा उतार काही केल्या एका ठरावीक कोनापेक्षा उभा होत नाही. जवळ बसून पाहावे: वरून पडलेला दाणा क्षणभर थबकतो, शेजारच्या दाण्यांना टेकून राहतो, आणि ओतणाऱ्याने आणखी एक मूठ टाकली की त्याच्यासह पन्नास दाणे एकदम सरसरत पायथ्याशी जातात आणि उतार पुन्हा पूर्वीच्याच कोनावर येऊन थांबतो. प्रत्येक दाणा हा उतरणीवरचा ठोकळा आहे आणि त्याच्या चतुःसीमा म्हणजे त्याचेच भाऊबंद. फळी हळूहळू उचलत नेली असता ठोकळा ज्या कोनाशी निसटतो त्या कोनाच्या चढाचे प्रमाण, म्हणजे उंचीला पायाने भागून येणारी संख्या, हाच घर्षणांक. ठोकळा जड असो की हलका, कोन तोच. म्हणून मूठभर ज्वारीची रास आणि दहा पोत्यांची रास यांचा उतार सारखा दिसतो.

आता या पुस्तकातील शेवटच्या आणि मला सर्वांत प्रिय असलेल्या प्रकरणाविषयी. माझ्या नोकरीची बरीच वर्षे बोरघाटाच्या पायथ्याच्या एका शाळेत गेली, आणि उतरणीचा याहून थोर दाखला मला हिंदुस्थानात ठाऊक नाही. १८६३ साली खुला झालेला त्या घाटातला लोहमार्ग पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढत होता, आणि त्याचा सर्वांत कडक चढ सदतीसात एक असा होता. सदतीस पावलांमागे एक पाऊल हा चढ कोनाच्या मापात दीड अंशाच्या आसपासच भरतो. चालणाऱ्या माणसाला तो जाणवणारही नाही. पण गाडीच्या प्रत्येक टनामागे सदतिसावा हिस्सा, म्हणजे २७ किलोग्रॅमभर ओढ पृथ्वी मागे लावते, आणि सपाटीवर संथ गतीने चालणाऱ्या गाडीला टनामागे अवघ्या दोन-चार किलोग्रॅमचा विरोध असतो हे ध्यानात घेतले म्हणजे घाट लागताच ओझे एकदम दहापट का होते ते कळते. इंजिनासह हजार टनांची गाडी धरली तर सुमारे तीस टनांची ओढ हवी.

ही ओढ कोण लावतो, असे मी एकदा वर्गात विचारले. सर्वांनी एकमुखाने सांगितले, इंजिन. मी फळ्यावर सबंध गाडीभोवती हद्दीची रेषा ओढली, इंजिन त्या रेषेच्या आत घेतले, आणि चतुःसीमा फिरायला सांगितले; आपलेच कपडे धरून स्वतःला उचलता येत नाही, तसे हद्दीच्या आतला आपल्याच हद्दीला ओढू शकत नाही, तेव्हा बाहेरचा कर्ता दाखवा. वर्ग शांत झाला. मागच्या बाकावर एक मुलगी बसत असे, तिचे वडील घाटात गँगमन होते. ती उठून म्हणाली, “सर, पावसात इंजिनाचं चाक जागच्या जागी गरागरा फिरतं, मग ड्रायव्हर वाळू सोडतो, असं बाबा सांगतात.” मी विचारले, “चाक तर फिरतंय, मग गाडी पुढं का जात नाही?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “रूळ धरत नाही म्हणून.”

रूळ धरत नाही. कर्ता सापडला होता. इंजिन चाक फिरवते, चाक रुळाला मागे रेटू पाहते, आणि रूळ चाकाला पुढे, म्हणजे घाटाच्या वरच्या अंगाला रेटतो. सबंध गाडीला बाहेरून वर नेणारे बल म्हणजे रुळाने चाकावर लावलेले घर्षण. ज्या घर्षणाला आपली मुले अडथळा म्हणूनच ओळखतात त्याच्याच बळावर मुंबईची गाडी पुण्याला पोहोचते. आणि हे घर्षणही मर्यादेतलेच: कोरड्या रुळावर इंजिनाच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतके, फार तर तिसऱ्या. सव्वाशे टनांच्या इंजिनाला चौथ्या हिश्शाने एकतीस टन मिळतात, आणि गरज तीस टनांची. आषाढात रूळ ओले झाले की ते एकतीसही राहत नाहीत. कर्जतला गाडी थांबते, प्रवासी बटाटेवडे घ्यायला खाली उतरतात, आणि त्याच वेळात गाडीच्या शेपटाला जी जादा इंजिने जोडली जातात, ज्यांना रेल्वेची माणसे बँकर म्हणतात, त्यांचे कारण या हिशेबात आहे. रूळ जेवढा एका इंजिनाच्या चाकांना धरील तेवढे पुरत नाही, म्हणून आणखी वजनदार चाके रुळावर आणायची. ती पुढे न जोडता मागे जोडतात, कारण सर्वच ओढ पुढून लावली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगला सबंध गाडीचा ताण सोसावा लागेल.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी वहीत घाट उतरणाऱ्या गाडीची आकृती काढून आणली. पृथ्वीचा बाण सरळ खाली होता, रुळांचा अभिलंब बाण रुळाला काटकोनात होता, आणि घर्षणाचा बाण पुन्हा वरच्याच अंगाला होता, त्यावर तिने ‘रूळ, ब्रेक लावल्यावर’ असे लिहिले होते. खाली तिचा एक प्रश्न होता: ब्रेक लागले नाहीत तर कोण थांबवणार? तिच्या वडिलांना त्याचे उत्तर ठाऊक होते, म्हणून ते मी तिलाच घरी विचारून यायला सांगितले. घाटात ठिकठिकाणी मुख्य मार्गाला फुटून डोंगराच्या अंगावर चढत जाणारे आणि पुढे कोठेच न पोहोचणारे रुळांचे तुकडे आहेत. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. उतरती गाडी तेथे आधी पुरती उभी करावी लागते, आणि ती ताब्यात आहे असे दिसल्यावरच तिला मुख्य मार्ग देतात. तोवर सांधे त्या चढत्या तुकड्याकडेच वळवलेले असतात. जी गाडी थांबली नाही ती आपोआप त्या चढावर जाते, आणि टनामागे जी ओढ तिला घाटातून खाली पळवीत होती तीच पृथ्वीची ओढ, उताराचे तोंड फिरल्यामुळे, आता तिला मागे धरते.